भट्टीच्या तोंडाची उंची

नरजिसला कोणी हट्टी म्हटलं की ती "बरं" म्हणे आणि कामाला लागे. कैरोतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या अॅनिमेशन स्टुडिओत दक्षिण इजिप्तमधल्या सोहागकडची ती एकटीच. तिकडच्या सईदी माणसांच्या मठ्ठपणाचे विनोद तिथे चहाबरोबर फुकट मिळत. अकरा वर्षं तिने ते ऐकून घेतले, पण कामावर बोट ठेवायला कुणाला जागा ठेवली नाही.

तिचं काम कच्च्या मांडणीचं. कागदावर काढलेली दृश्यं संगणकात उभी करायची. माणसांच्या जागी राखाडी बाहुल्या, घराच्या जागी खोके, आणि कॅमेरा कुठे, किती उंचीवर, किती सेकंद ते ठरवायचं. रंग नाहीत, चेहरे नाहीत. या वेळचा सात मिनिटांचा चित्रपट भाकरी भाजणाऱ्या सईदी म्हातारीचा होता. चित्रं दिग्दर्शक वजीह यांनी स्वतः काढली होती. त्यात म्हातारी भट्टीपुढे चक्क उभी, शहरातल्या बेकरीवाल्यासारखी, आणि कॅमेरा उंचावरून तिच्या टाळूवर.

नरजिसने गावी आईला फोन लावला. "भट्टीचं तोंड जमिनीपासून किती वर गं?"

"दोन वीत. तुझा हात तिथेच भाजला होता, विसरलीस?"

तिने भट्टीचं तोंड तेवढ्याच उंचीवर मांडलं. उभ्या बाहुलीचा हात भट्टीपर्यंत पोचेना.

"मग भट्टी उचल की कंबरेपर्यंत," वजीह म्हणाले. "कोण मोजायला येतंय?"

"मी मोजलीय, उस्ताद."

"सईदी डोकं! गुरुवारी निर्मात्यांना दाखवायचंय. तुला जमत नसेल तर शरीफ करेल. मग श्रेयनामावलीत नावही त्याचंच लागेल."

शरीफ शेजारच्याच टेबलावर बसायचा. त्याने मान खाली घातली. मांडणीसाठी नरजिसचं एकटीचं नाव लागणार होतं ते याच चित्रपटात, पहिल्यांदा. पण ते जाण्याच्या भीतीपेक्षा राग मोठा होता. आई, मावश्या, आत्या, सगळ्यांचा जन्म जमिनीवर बसून भाजण्यात गेला, आणि हा गृहस्थ त्यांना उभं करून वरून बघणार! तिने भट्टी तसूभरही हलवली नाही. बाहुली खाली बसवली आणि कॅमेराच खाली आणला, थेट जमिनीवर.

गुरुवारी पडद्यावर म्हातारी एक गुडघा वर घेऊन बसली होती. भाजण्याआधी उन्हात ठेवून फुगवलेली भाकरी म्हणजे इथे नुसता राखाडी गोळा, तो मातीच्या तबकडीवरून अलगद उतरून आगीत गेला. खालून बघताना ती बिनचेहऱ्याची बाहुली त्या अंगणाची मालकीण दिसत होती.

वजीहनी तेच दृश्य पुन्हा लावायला सांगितलं, मग आणखी एकदा.

"तिच्या मागे नुसतं आभाळ दिसतंय," ते शेवटी म्हणाले. "वरून बघायचं म्हणून आपण छप्पर केलंच नव्हतं. पंधरा दिवसांचं काम वाढवून ठेवलंस."

"भट्टीवर छप्पर असतंच, उस्ताद. बांधा."

वजीहनी शरीफला हाक मारली. नरजिसने खुर्ची सोडली नाही.

"शरीफ, छप्पर करायला घे," ते म्हणाले. "मापं हिला विचार."