दोनदा कापलेली मूठ

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात शाळेच्या दप्तरांचे गठ्ठे सोडत होतो. फोन सुमनवहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा. "भावजी, ह्ये गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मी "बरं" म्हणालो. माणूस गेल्यावर कोणी "बरं" म्हणतं का? पारनेरच्या पेठेत माझं स्टेशनरीचं दुकान आणि समोर त्याचं टेलरिंगचं. अजूनही संध्याकाळी शटर ओढलं की पाय आपसूक तिकडे वळतात, आणि बंद दारापुढे उभं राहून मी किल्ली शोधल्यासारखे उगाच खिसे चाचपतो. फार एकटं वाटतं. या वयात नवा मित्र कुठून आणायचा?

पन्नाशी उलटल्यावर दत्ताला मासेमारीचं वेड लागलं. कुठल्याशा बंद पडलेल्या बोटिंगवाल्याकडून त्याने दोन माणसांची कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, आणली. लांबट, पिवळी, प्लॅस्टिकची. गावाने तिचं नाव 'पन्हळ' ठेवलं. टेम्पोवर बांधून आम्ही ती मुळा धरणाच्या फुगवट्यावर न्यायचो. पुढे मी, मागे तो. मी वल्हवायचं, त्याने गळ टाकायचा. मला मासे कळतात ते ताटातले. अडचण अशी की कयाकमध्ये माणूस जवळजवळ पाण्यावरच बसतो, त्याला उठता येत नाही. काठावर उभं राहून वापरायची दत्ताची गळाची लांबलचक काठी तिथे अगदी कुचकामी ठरली. पहिल्याच फेकीला गळ माझ्या टोपीत अडकला आणि टोपी धरणाला अर्पण झाली. काठी फार लांब असली की मासा हाताशी येत नाही, आणि फार आखूड असली की दोरी होडीला घासते. विकतची एकही त्याच्या मनास येईना. शेवटी म्हणाला, "मीच शिवतो."

शिवतो! काठीसुद्धा तो शिवायचाच. गळ्यात टेप घालून मला दुकानात खाली बसवायचा, स्वतः मागे बसायचा आणि हातातली पट्टी माझ्या डोक्यावरून गळ फेकल्यासारखी फिरवायचा. ब्लाउज न्यायला आलेल्या बायका तोंडाला पदर लावायच्या. "शेठ, तुजं डोकं लई मोठं हाय," तो म्हणायचा, "काठी त्याच्याच मापानं शिवावी लागंल." पुण्याहून फायबरच्या पोकळ कांड्या मागवल्या. त्या वाकवून बघण्यातच त्याने पावसाळा घालवला. शेंड्याला मऊ, बुडाला कणखर अशी एक निवडली. दोरी ओवायच्या कड्या त्याने काज करायच्या रेशमी दोऱ्याने बांधल्या, वेढ्याला वेढा चिकटवून, आणि वरून पातळ रोगण दिलं. मुठीचं पोटाशी टेकवायचं मागचं टोक लाईफ जॅकेटला अडायला लागलं तेव्हा ते करवतीने कापलं. इथवर मला पटलं. पण गेल्या हिवाळ्यात त्याने ती मूठ पुन्हा कापली. "माप चुकलं," म्हणाला. दत्ता टेलरचं माप चुकलं! ही बातमी मी पेठभर केली, आणि तोही माझ्याबरोबर हसला.

त्यानंतर आम्ही एकदाच पाण्यावर गेलो. कयाकमध्ये पुढच्याला मागचा दिसत नाही. इतकी वर्षं पाण्यावर मी त्याचं तोंड कधी पाहिलंच नव्हतं, नुसता आवाज ऐकला होता. त्या दिवशी आवाजही कमी होता. पुढे थोड्याच दिवसांत त्याच्या पोटातलं दुखणं बाहेर आलं आणि बघता बघता सगळं आटोपलं. तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यातून जात नाही... त्या दिवशी माझ्या मागे तो कसा बसला होता? हसत होता, की कसा? विचारायचं तरी कोणाला? तिथे आम्ही दोघंच होतो.

परवा सुमनवहिनी काठी घेऊन दुकानात आल्या. "पडून ऱ्हाईल भावजी. तुमी वापरा. आन मलाबी एकदा न्या, ह्यांनी कदी नेलंच न्हाई." म्हणून गेलो. वहिनी पुढे बसल्या, काठी माझ्याकडे म्हणून मी पहिल्यांदाच मागे. गळ टाकला आणि मूठ पोटाशी टेकवायला गेलो, तर ती पोचेचना. मध्ये चांगली वीतभर मोकळी जागा. सगळा भार मनगटावर येऊ लागला.

"ही एवढी आखूड का केली असेल त्याने?" मी पुटपुटलो.

वहिनी समोर बघतच म्हणाल्या, "पोटाला टोचायची त्यांना. शेवटी शेवटी कायबी टेकू देत न्हवते, लेंग्याची नाडीसुदिक सैल बांधायचे. मला म्हनले, शेठला बोलू नको. त्याला कळलं तर त्यो माजं पान्यावर जानं बंद करील."

केलं असतं. त्याच दिवशी बंद केलं असतं. मी काठी मांडीवर घेतली आणि मला रडू आलं, थांबवता येईना. गळ्यातल्या टॉवेलात तोंड खुपसून मी बसलो. होडी वाऱ्याने आपली आपण सरकत होती. वहिनी पाण्यात बोटं बुडवून बसल्या होत्या, मागून तरी खुशीत दिसत होत्या. पलीकडच्या काठावर धूर निघत होता.

"भावजी, ते कंचं गाव वो?" त्यांनी विचारलं.

मी गावाचं नाव सांगितलं. आवाज अगदी नेहमीसारखा निघाला. पुढे बसलेल्या वहिनींना मागच्या कशाचाही पत्ता लागला नाही.