मोटारीच्या फेऱ्यावरची खंडेनवमी

आमचे आबा मोटारींच्या शर्यतीचा रस्ता राखत, पण स्वतः जन्मात कधी मोटारीत बसले नाहीत. कोल्हापूरबाहेरच्या माळावर दरबारातल्या हौशी मंडळींनी तो गोल रस्ता बांधवून घेतला होता. लोक त्याला नुसतं ‘फेरा’ म्हणत. मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, बैल जुंपून रूळ फिरवायचा, वळणाचा बाहेरचा काठ उंच ठेवायचा, हे आबांचं काम.

युद्धात पेट्रोल मिळेनासं झालं आणि शर्यती थांबल्या त्या थांबल्याच. उरला फक्त खंडेनवमीचा रिवाज. त्या दिवशी आबा रुळाला झेंडू बांधत, नारळ फोडत, आणि दरबारच्या गॅरेजातली एक मोटार येऊन फेऱ्याला एक चक्कर मारी. पेट्रोल नव्हतं त्या वर्षी सात-आठ गड्यांनी ती ढकलत नेलेली मी पाहिली आहे. आत बसलेला ड्रायव्हर मात्र ऐटीत हात बाहेर काढून वळण दाखवत होता! ती चक्कर झाल्याशिवाय रूळ सोडून कुठं जायचं नाही, हा आबांचा कायदा.

मग संस्थान विलीन झालं. फेरा आता कुणाचा, हे कुणालाच धड सांगता येईना. गवत माजलं. आसपासचे शेतकरी तिथं शेंगा वाळत घालू लागले. आबा काठी घेऊन धावत. “पावणं, ह्यो मोटारीचा रस्ता हाय, तुमचं खळं न्हवं!” लोक हसत. मला आबांची लाज वाटे आणि हसणाऱ्यांचा रागही येई.

भाद्रपदात सरकारी कचेरीतून इंग्रजी पत्र आलं. आबांना मोडी येत होती, इंग्रजी नाही. मी ट्रेनिंग कॉलेजात शिकत होते, त्यामुळं वाचायचं काम माझ्याकडं आलं. आजऱ्याच्या रस्त्यावर आबांना मुकादमाची जागा होती, राहायला खोली होती. अमुक तारखेपर्यंत हजर न झाल्यास जागा दुसऱ्याला देऊ, असंही होतं. ती तारीख दसऱ्याच्या आठ दिवस आधीची होती.

आजऱ्याला बिऱ्हाड हलणार. म्हणजे कॉलेज सुटलं, आणि वर्षाच्या आत माझं लग्न. मी नोकरी वाचली, खोली वाचली. तारीख गिळली.

“मग दसरा करून जाऊ की,” आबा खुशीत म्हणाले. “फेरा झाल्याबिगार रूळ सोडून कसं जायचं?”

ते असंच म्हणणार, हे मला ठाऊक होतं.

खंडेनवमीला झेंडू बांधून ते दुपारपर्यंत उभे राहिले. मोटार आली नाही. गॅरेजातल्या मोटारी केव्हाच विकल्या गेल्या होत्या. शेवटी हातात नारळ घेऊन त्यांनी पायीच पुरी चक्कर मारली. शेंगावाले आपण होऊन बाजूला सरकले, त्या दिवशी कुणी हसलं नाही. मी मागून चालत होते आणि मला रडू आवरत नव्हतं.

दसऱ्यानंतर फेटा बांधून ते कचेरीत गेले आणि लगेच परत आले. उंबऱ्यातच थांबून म्हणाले, “कारकून म्हणतोय, कागदात तारीख हुती. हुती का गं?”

आईनं चुलीवरून मान वर केली.

“नव्हती, आबा,” मी म्हणाले.

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. “मी बी त्येच सांगितलं त्याला. म्हटलं, माझी पोरगी शिकल्याली हाय, ती चुकायची न्हाय. तूच खोटा हाईस.”

पुढं आबा दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर चुलवाणात जळण घालत राहिले. त्या मजुरीवर माझं शिक्षण पुरं झालं, मी मास्तरीण झाले. फेऱ्याचे प्लॉट पडले, घरं उठली. मरेपर्यंत आबा त्या कारकुनाला शिव्या घालत, आणि मी समोर बसून ऐकत असे.