चार महिन्यांपूर्वीची फाईल दाखवा

आमच्या कारखान्यातल्या प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, एक चौकट असते. माप कोणी घेतलं त्याचं नाव तिथे लिहायचं असतं. अकरा वर्षं तिथे माझ्या थोरल्या भावाचं नाव होतं, आणि अकरा वर्षं मापं मी घेत होते. मला त्याचं काही वाटत नाही असं मी विचारणाऱ्यांना सांगायचे. ते खोटं होतं.

आमचं काम डाळ मिलच्या सुट्या भागांचं. कितीतरी मिलमध्ये अजून जुनी यंत्रं चालतात आणि ती बनवणारे केव्हाच धंदा बंद करून गेलेत. रोलर झिजला, शाफ्टवर म्हणजे फिरत्या दांड्यावर बसणारं कड्यासारखं बुश फुटलं की मिलवाले आम्हाला फोन करतात. मी माप घ्यायचं व्हर्नियर आणि वही घेऊन जाते, यंत्राखाली पोतं टाकून बसते, भुशानं माखते, मापं घेते आणि जळगावच्या ऑफिसात येऊन कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढते. भाग घडवायचं लेथ मशीन मात्र धुळ्याला, भावाच्या ताब्यात. पूर्वी ड्रॉइंगचे छापील कागद एसटीनं धुळ्याला जायचे. मग भावानं एक ऑनलाइन सेवा घेतली. मी जळगावात फाईल सेव्ह केली की ती धुळ्याच्या कॉम्प्युटरवर आपोआप यायची.

ती बसवून देणारा माणूस म्हणाला होता, "मॅडम, आता कागदाची कटकट नाही आणि बॅकअपचीही नाही. सगळं वर सुरक्षित आहे." आम्ही मान डोलावली. मीसुद्धा डोलावली, हे कबूल करते.

तुरीचा हंगाम ऐन भरात असताना पाचोऱ्याच्या एका मिलनं बुश मागवलं. ड्रॉइंग आमच्याकडे होतंच. धुळ्याला बुश बनलं, पाचोऱ्याला गेलं आणि शाफ्टवर चढेना. मिल बंद, दारात गाड्यांची रांग. मालकाचा फोन आला तेव्हा भाऊ जळगावातच होता. त्यानं फोन स्पीकरवर टाकला.

"भाऊ, बाईमाणसाला मापं घ्यायला पाठवलं की असंच होणार," मालक म्हणाले.

भाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, "शेठ, पुढच्या वेळी मी स्वतः येतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बरोबर निघालेल्या प्रत्येक मापाखाली याचं नाव, आणि एक बुश बसलं नाही तर माप माझं. मी जुनी वही काढली. शाफ्ट पन्नास मिलिमीटर, असं माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं. कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगमध्ये बुशच्या भोकाचं माप एकोणपन्नास पॉइंट दोन होतं. हा आकडा मी लिहिलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी पाचोऱ्याला गेले. कुणी बोलावलं नव्हतं. मालकांच्या हातात व्हर्नियर दिलं आणि म्हटलं, "तुम्हीच लावा, तुम्हीच वाचा." त्यांनी लावलं. पन्नास. त्यांनी पुसून पुन्हा लावलं. पन्नासच. चहा मागवू का, म्हणाले. मी नको म्हटलं आणि तशीच धुळ्याची बस धरली.

धुळ्याला लेथवर एक नाना आहेत. वडिलांच्या वेळचे कारागीर, हातात जादू असलेले. मी आकडा दाखवला तर ते जराही दचकले नाहीत. "पारोळानी मिलनी शाफ्ट घिसेल व्हती, ताई. पन्नासनं बुश ढिलं पडतं, म्हनीसन मी आकडा बदला. पहिले कागदवर लिखू, आते यामा लिखस."

पारोळ्याचं यंत्रही पाचोऱ्यासारखंच, त्यामुळे दोन्हींचं ड्रॉइंग एकच. त्यांचं काय चुकलं? कागद होता तेव्हा ते झिजलेल्या शाफ्टसाठी पेन्सिलीनं बाजूला माप लिहायचे. तो कागद ड्रॉवरमध्ये जायचा आणि माझं मूळ ड्रॉइंग जळगावात शाबूत राहायचं. आता त्यांनी पेन्सिलीऐवजी कीबोर्ड घेतला, माझा आकडा खोडून त्यांचा लिहिला आणि सेव्ह केलं. त्या सेवेनं इमानेइतबारे तो जळगावलाही पोचवला. दोन्ही गावांत तेच चुकीचं माप, आणि मूळ कुठेच नाही.

मी सेवा बसवणाऱ्याला फोन लावला. म्हटलं, चार महिन्यांपूर्वीची, नानांनी आकडा बदलण्याआधीची फाईल काढून द्या. तो म्हणाला, "जुनी प्रत तीस दिवसच राहते, मॅडम. हे सिंक आहे, दोन्हीकडची फाईल फक्त सारखी ठेवतं. बॅकअप वेगळा घ्यावा लागतो." हेच बसवायच्या दिवशी का नाही सांगितलं, असं मी विचारलं. विचारलं नव्हतं तुम्ही, म्हणाला.

नानांनी आणखी कशाकशाला हात लावला होता, ते त्यांनाही आठवेना. अकरा वर्षांच्या वह्या काढून मी एकेक ड्रॉइंग ताडून पाहिलं. तीन आठवडे गेले. आणखी नऊ ड्रॉइंग बदललेली निघाली.

भाऊ म्हणाला, "झालं ते झालं. नानांना सांगू, हात लावू नका. विषय संपला."

मी संपू दिला नाही. उद्या माझाच हात चुकला तर ती सेवा माझी चूकही तितक्याच तत्परतेनं वाटणार होती. मी सरळ सांगितलं, चार महिन्यांपूर्वीची फाईल माझ्या डोळ्यांसमोर परत आणून दाखवणारी सेवा मिळेपर्यंत माझं एकही ड्रॉइंग तारेवरून धुळ्याला येणार नाही. कागद येईल, माझ्या सहीचा, आणि मी स्वतः आणीन.

मग सेवा विकणारे येऊ लागले. एकानं जागा किती मिळेल ते सांगितलं. दुसऱ्यानं एक चकचकीत तक्ता आणला, त्यात सगळीकडे बरोबरच्या खुणा. मी दोघांना एकच विचारलं: जुनी फाईल परत कशी येते, ते करून दाखवा. पहिला म्हणाला, असं कुणी विचारत नाही. दुसरा म्हणाला, वेळ आली की येईल. दोघांनाही मी वाटेला लावलं. तिसरा धुळ्याचाच, कमी बोलणारा. तो म्हणाला, "एक फोल्डर परीक्षेसाठी लावून देतो. पण चार महिने थांबायची तयारी आहे का?"

मी म्हटलं, आहे.

चार महिने दर मंगळवारी मी जळगाव-धुळे बस केली, मांडीवर ड्रॉइंगची गुंडाळी घेऊन. नातेवाईक हसले. ऑनलाइनच्या जमान्यात पोस्टमन झालीस, असं मावशी म्हणाली. भाऊ दर मंगळवारी कपाळाला हात लावायचा. नाना तेवढे खूश होते, त्यांना त्यांची पेन्सिल परत मिळाली होती.

परीक्षेच्या फोल्डरमध्ये मी पाचोऱ्याच्या बुशचं दुरुस्त केलेलं ड्रॉइंग ठेवलं होतं. आठ दिवसांनी त्यातला आकडा बदलला, कोपऱ्यातलं नावही बदललं, आणि महिन्याभरानं फाईलच उडवून टाकली. हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

ठरल्या दिवशी लेथशेजारच्या टेबलाभोवती आम्ही बसलो. भाऊ, नाना, मी आणि तो माणूस. मी पहिल्या दिवसाची तारीख सांगितली. त्यानं ती शोधली, दोनदा क्लिक केलं आणि स्क्रीन भावाकडे वळवला. भोक पन्नास. कोपऱ्यातल्या चौकटीत माझं नाव.

भावानं त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हे कधी लिहिलंस?"

"पहिल्याच दिवशी. मग खोडून तुझं घातलं, नेहमीसारखं."

नाना खाली बघून पेन्सिलीला टोक करत राहिले. तो माणूस म्हणाला, सेवा चालू करायची असेल तर सगळी ड्रॉइंग आजच चढवू. मी म्हटलं, आज नको, आधी प्रत्येकाच्या कोपऱ्यातलं नाव बदलायचं आहे, दोन दिवस लागतील.

"आणि मी ते पुन्हा बदललं तर?" भावानं विचारलं. तो हसत होता, पण विचारलं खरं.

"बदलून बघ," मी म्हटलं. "चार महिन्यांनी परत आणून दाखवीन."