बुवा काय काम करतात

बुवांना मी पहिल्यांदा पाहिलं ते शिडीवर. परदेशात मुलाकडे राहायला येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. टायरच्या दुकानावरचा एक लांबट हॉल भाड्याने घेऊन आमच्या लोकांनी तिथे मंदिर केलं होतं, आणि सुनेने मला दाराशी सोडलं होतं. आत एक माणूस उपरणं कमरेला खोचून ट्यूबलाइट बसवत होता. मी विचारलं, "बुवा कुठे भेटतील?"

"ही लागली की भेटतील," तो म्हणाला. "तोवर तेवढी शिडी धरता का?"

मी धरली. पुढची चार वर्षं या ना त्या प्रकारे धरतच राहिलो.

बुवा धार्मिक कामासाठीच्या व्हिसावर आले होते. अडीच वर्षांचा व्हिसा, तो एकदा वाढवून मिळतो. पाच वर्षांच्या आत कायम राहण्याची परवानगी मिळाली तर बायकोमुलीला आणता येतं, नाही तर चंबूगबाळं आवरून परत. ते निघाले तेव्हा मुलगी अकरा महिन्यांची होती. हॉलमागच्या त्यांच्या खोलीत त्यांनी तिच्यासाठी एक लहानसा पलंग आणून ठेवला होता. त्यावर व्हिसाच्या फाइली असत.

"आता ती यात मावायची नाही," मी एकदा म्हणालो.

"पाय दुमडून झोपेल," बुवा म्हणाले.

अक्षर चांगलं म्हणून कायमच्या परवानगीचा फॉर्म भरण्याचं काम मंदिराच्या मंडळाने माझ्यावर सोपवलं. आठवड्याचं काम तासांत लिहा, असा एक रकाना होता. इथेच घोडं पेंड खात होतं. बुवांना स्वतःचं काम सांगताच येईना. पहाटे साडेचारला उठणं, देवाची पूजा, दोन वेळची आरती, पोथी, हॉस्पिटलमध्ये कुणाच्या उशाशी बसणं, हे सगळं मी उलटतपासणी घेतल्यासारखं त्यांच्याकडून काढून घेतलं. बेरीज बावन्न तास आली. ती पाहून बुवा ओशाळले. "एवढं कुठे मास्तर? जरा कमी करा."

मी कमी केलं नाही.

तीन महिन्यांनी, न कळवता, तपासणीला एक बाई आल्या. कुणी सांगायच्या आधीच त्यांनी बूट दाराबाहेर काढले, हे मला अजून आठवतं. बुवा जिना धूत होते, मी चपला लावत होतो. बुवांना तिथली भाषा तुटपुंजी येई, म्हणून दुभाष्याचं काम माझ्याकडे आलं. बाईंनी फाइल उघडली आणि विचारलं, "तुम्ही इथे नेमकं काय काम करता?"

बुवांनी बादली बाजूला सारली, हात पुसले, एकदा मूर्तीकडे पाहिलं. "मी कुठे काय करतो?" ते म्हणाले. "करून घेणारा वेगळा आहे. मी नुसता इथे असतो."

मी ते जसंच्या तसं सांगितलं.

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी पुन्हा, जरा सावकाश विचारलं, "म्हणजे तुम्ही स्वतः काही करत नाही?"

आपलं म्हणणं बाईंना कळलं म्हणून बुवांना बरं वाटलं. "काहीच नाही," ते हात जोडून म्हणाले. तेही मी सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं.

छत्तीस वर्षं मी मुलांना बजावत आलो होतो, उत्तरात पदरचं काही घालू नका. त्या दिवशी मीही घातलं नाही. काय झालं ते मला बसस्टॉपवर पोचल्यावर कळलं.

अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र आलं. अर्जदार कोणतंही धार्मिक काम करत असल्याचं दिसत नाही. मंडळाचे सेक्रेटरी दातांचे डॉक्टर. ते माझ्यावर उखडले. "मास्तर, तुम्ही दुभाषी होतात की टेपरेकॉर्डर?"

"त्यांना बोलू नका, डॉक्टर," बुवा म्हणाले. "मी बोललो तेच त्यांनी सांगितलं."

"तेच तर म्हणतोय मी."

बुवांनी घरी फोन लावला तेव्हा मी खोलीतच होतो. वहिनींचा आवाज मलाही ऐकू येत होता. "घरी एकदा चहा केलात तर तीन गल्ल्यांना कळवलं होतंत. आणि विचारायला आलेल्या बाईला सांगता, मी काही करत नाही?"

"चहा मी केला होता गं," बुवा म्हणाले. "पूजा मी करतो, असं कुठल्या तोंडाने म्हणू?"

मग वहिनी म्हणाल्या, "पोरीनं शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलंय, बाबांकडे जाणार म्हणून. तिला काय सांगू?"

"मीच येतो म्हणावं."

आम्ही खुलाशाचं पत्र पाठवलं, खाली चाळीस जणांच्या सह्या. मजकूर मी पाच वेळा लिहिला. उत्तर तीन ओळींचं आलं: अर्जदाराचं स्वतःचं निवेदन ग्राह्य धरलं आहे. बुवांनी ते घडी घालून फाइलीत ठेवलं. त्यांना राग आला नाही, ते फक्त थकलेले दिसले. चार वर्षांत प्रथमच मी त्यांना त्या दिवशी दुपारी झोपलेलं पाहिलं.

जाण्याआधी त्यांनी पलंगाचे स्क्रू काढून एका पुडीत बांधले आणि पलंग खालच्या टायरवाल्याच्या नातीला दिला. विमानतळावर मी म्हणालो, "बुवा, चुकलं माझं."

"तुमचं कसलं? शिडी तुम्ही नीटच धरली होती," ते म्हणाले आणि रांगेत गेले.

मंडळाने नव्याने अर्ज केलेला आहे, त्याचा नंबर माझ्या वहीत आहे. बुवा आता गावी असतात. सकाळी मुलीला शाळेत सोडतात आणि नंतर मेहुण्याच्या विजेच्या सामानाच्या दुकानात बसतात.