काळी पाचची पट्टी

विद्यापीठात समूहगान शिकवण्यात माझी उभी हयात गेली. बायको याला ‘हात हलवून पगार घेणं’ म्हणते. मीरा रोडच्या आमच्या सोसायटीत तर काहीजण मला ट्रॅफिक हवालदारच म्हणत. मला राग यायचा, कारण त्या हाताचा मला गर्व होता. हात वर गेला की पोरांचे आवाज वर जात. त्याच हाताने मी एकदा काय करून बसलो, ते सांगतो.

विद्यार्थ्यांच्या हातात मोबाइल नुकते आले होते, तेव्हाची गोष्ट. मुलींच्या समूहात सहा जणी होत्या आणि वरचा सूर पेलणारी एकच, जवळच्याच हाटकेश वस्तीतली. वडील मूळचे रत्नागिरीचे, घराखालच्याच गाळ्यात स्टीलचे डबे बनवायच्या मशीनवर कामाला. त्या खणखणाटात घरातले सगळे ओरडूनच बोलत. तिचा आवाज तिथे तयार झाला होता, श्रेय मात्र मी घ्यायचो.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मला दुर्बुद्धी सुचली. गाणं काळी चारमध्ये बसवलं होतं. पट्टी चढवली की गाणं चकाकतं, परीक्षक सरसावून बसतात, हे आम्हा लोकांचं जुनं औषध. मी पेटीवर एक सूर वरची काळी पाच धरली.

ती म्हणाली, “सर, घसा बसलाय माझा. चारच ठेवूया ना, प्लीज.”

“कारणं सांगायची नाहीत,” मी खेकसलो.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या ओळीला मी हात वर नेला, मग आणखी वर. तिचा सूर पोचला आणि तिथेच तुटला. त्यानंतर तिचे नुसते ओठ हलत होते.

भाईंदरच्या डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिलं. स्वरतंतूत रक्त साकळलं होतं. “तीन आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. मग बघू.” लाज वाटते, पण खरं सांगतो, पहिली भीती वाटली ती माझ्या नोकरीची. तिच्या गळ्याची भीती संध्याकाळी आली, आणि आली ती मुक्कामालाच.

रोज सकाळी तिचा एसएमएस यायचा, इंग्रजी अक्षरांत, ‘बरी आहे सर’. तो येईपर्यंत मला चहा जात नसे.

दुसऱ्या आठवड्यात मी तिच्या घरी गेलो. खालच्या खणखणाटावर आवाज चढवून तिची आई म्हणाली, “दिवसा गप्प बसते हो ती. पण झोपेत बोलायची सवय आहे ना तिला. मी तिच्या तोंडावर हात ठेवून झोपतेय.” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मुलगी कोपऱ्यातून माझ्याकडे बघून हसली, आणि मला तिथे बसवेना.

एकवीस दिवसांनी डॉक्टर म्हणाले, सूज उतरलीय, आता हळू गाऊन बघा. तिने मला बोलावून घेतलं. वडील खाली जाऊन शेठला म्हणाले, “पाच मिनट मशीन बंद रखो ना, बेटी गानेवाली है.” मशीन थांबलं. त्या घरात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. आवाज आलाच नाही तर या माणसांकडे मी बघू कुठल्या तोंडाने?

मी पेटीवर सा ऐकवला आणि सवयीने हात उचलला. तशी ती दचकली. तिचा हात झटकन गळ्यावर गेला.

मग तिने सूर लावला. थरथरता होता, पण स्वच्छ. आई रडायला लागली. वडील म्हणाले, “सर, तुमची कृपा.” मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो होतो.

पुढे ती माझ्याकडे पुन्हा गायली. आता ती स्वतः शाळेत गाणं शिकवते. माझे इतर विद्यार्थीही जागोजागी शिकवतात, आणि गाणं घेताना कुणाचाच हात छातीच्या वर जात नाही. ‘सरांची शैली,’ ते कौतुकाने सांगतात. खरं कारण मी सांगत नाही. ती शेजारी असली तर तीही सांगत नाही.