चंद्रीचं पाणी

खाडीकाठच्या जुन्या जकातघरावर बांधणाऱ्याचं नाव दगडात कोरलंय. तिथे हल्ली जाळी वाळत घालतात, नाव कुणी वाचत नाही. समोरच्या शेतातून मात्र माझी वहिनी शेजारणीला ओरडून विचारते, "चंद्रीत पाणी इला काय गो?"

चंद्री म्हणजे आमच्या पणजोबांची म्हैस. खालच्या तुकड्यात चिखलात रुतून मेली, म्हणून त्या शेताचं नाव चंद्री. मेली, तरी रोज कुणाच्या ना कुणाच्या तोंडी आहेच.

मी इथल्याच, वहिनीच्या आताच्या घरात जन्मले. लग्न झालं आणि माझं नाव इथून पुसलं गेलं. आता मी सगळ्यांची 'पुण्याची आत्या'. बांधावर, पाटाच्या तोंडातच पाय रोवून उभी राहून मी त्या मेलेल्या म्हशीवर जळत होते.

इतक्यात वहिनी म्हणाली, "वन्सं, जरा बाजूक व्हा. चंद्रीचा पाणी अडता."