खालनं बघणारा मिस्त्री

मिस्त्री जीपमधून उतरला आणि त्या दिवशी त्यानं गाडीखाली पाहिलं नाही.

आमची नवी गाडी कालव्याच्या चारीच्या कडेला चिखलात बंद पडली होती. मागच्या सीटवर माझी सून मंगल आडवी पडली होती, तिचं डोकं माझ्या मांडीवर. गुरांचा घास कापताना तिला घोणस चावली, त्याला पाऊण तास होत आला होता. पाय घोट्यापासून पोटरीपर्यंत सुजून चकाकत होता. हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. माझा मुलगा दत्ता चावी फिरवत होता आणि गाडीला शिव्या देत होता. इंजिन घुरघुरायचं आणि गप्प व्हायचं.

"बॉनेट उघडू का, मिस्त्री?" दत्ता म्हणाला.

"गाडी मरू दे. सूनबाईला उचल."

ज्यांनी मिस्त्रीला पाहिलं होतं त्यांनाच यातलं नवल कळेल. बंद गाडी समोर आहे आणि तो तिच्याखाली शिरला नाही, असं मी तरी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

त्याचं गॅरेज आमच्याच जमिनीत होतं. वडगाव रासाईकडून मोठ्या रस्त्याला लागताना आमचा एक तुकडा आहे, तिथं त्यानं पत्र्याची शेड टाकली होती. माझा नवरा होता तेव्हाची गोष्ट. भाडं असं काही ठरलं नव्हतं. आमची जीप त्यानं बघायची आणि आम्ही त्याला उठवायचं नाही, एवढंच. आमची वस्ती तिथून तीन किलोमीटर आत, नदीच्या अंगाला. रस्ता काळ्या मातीचा. पाऊस झाला की पायातली चप्पल मातीतच राहायची आणि माणूस पुढं जायचा.

तो मुसलमान. त्याचे आजोबा दौंडला रेल्वेच्या कारखान्यात होते म्हणे. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. मला आक्का म्हणायचा. नाव त्याला होतं, पण सगळे मिस्त्रीच म्हणायचे, त्याची बायकोसुद्धा.

त्याच्याकडे एक गोणपाट होतं. ऑइलनं इतकं काळं झालेलं की ते पोत्याचं आहे हे सांगावं लागायचं. कोणी जुनी गाडी घ्यायची म्हणून दाखवायला आणली की लोक रंग बघायचे, टेप वाजवून बघायचे, दारं आपटून बघायचे. मिस्त्री गोणपाट अंथरायचा आणि खाली शिरायचा. बराच वेळ नुसते पाय दिसायचे. मग बाहेर येऊन म्हणायचा, "वरनं सगळ्या सारख्याच. खालनं बघावं."

हे त्याला गाडीपुरतंच लागू होतं असं नाही. एकदा शेजारच्यांनी त्याला मुलीसाठी स्थळ बघायला बरोबर नेलं. माणसांची पारख आहे म्हणून. घरात सगळे पोहे खात बसले, मुलाला नोकरी काय, शेती किती, विचारत बसले. हा मध्येच उठून दारात गेला आणि मुलाच्या चपला उलट्या करून बघत बसला. येताना म्हणाला, "टाचा दोन्हीकडनं सारख्या झिजल्यात. सरळ चालणारा हाय. द्या पोरगी." दिली. जावई चांगला निघाला. दारू पितो, पण पिऊनही सरळ चालतो.

मग आमच्या जमिनीचा एक मोठा तुकडा कारखान्यासाठी गेला आणि पैसे आले. सातबारा माझ्या नावावर होता, त्यामुळे पैसेही माझ्या नावावर. दत्ताला गाडी हवी होती. मला हवी होती असं मी तेव्हा म्हणाले नाही, पण हवी होती. कोरेगाव भीमाला माझी जाऊ आहे. तिच्या नातीच्या लग्नात ती एका भल्यामोठ्या पांढऱ्या गाडीतून उतरली आणि मी आमच्या जीपमधून, मागच्या बाजूनं, दुधाच्या कॅनच्या शेजारून उतरले. तिनं माझ्या लुगड्याला लागलेलं ऑइल सगळ्यांदेखत पुसलं. मदत म्हणून.

दत्तानं एकाच दिवशी दोन गाड्या अंगणात बोलावल्या. एक परदेशी कंपनीची, काळी, अंगात तोंड दिसेल अशी. आत बसलं की बाहेरचा कुत्रा भुंकतोय का नुसता तोंड हलवतोय हे कळत नव्हतं. दुसरी आपल्या इकडची, उंच, आडदांड, आत साधं रेक्झिन. दोन्हीबरोबर एकेक टाय लावलेला मुलगा आला होता. वस्तीवरची सगळी माणसं जमली. मिस्त्रीला निरोप गेला, तो गोणपाट काखेत मारून सायकलवर आला.

काळ्या गाडीच्या मुलानं त्याला खाली शिरताना पाहिलं आणि तो घाबरला.

"काका, खाली काही बघायचं नसतं. आमचं सर्व्हिस सेंटर आहे ना."

"कुठं?"

"पुण्याला."

"आन् गाडी बंद कुठं पडणार?" मिस्त्री खालूनच म्हणाला.

सगळे हसले. तो मुलगासुद्धा.

दोन्ही गाड्यांखालून निघाल्यावर मिस्त्रीनं हात पुसले आणि माझ्याशी बोलला, दत्ताशी नाही. सातबारा कोणाचा हे त्याला माहीत होतं.

"आक्का, काळी वाईट न्हाई. लई भारी हाय. अशी गाडी मी खालनं पहिल्यांदा बघितली. पर तिचं पोट नाजूक. तिला उकळून गार केलेलं पाणी लागतंय आन् तुम्ही पाजणार चारीचं. ही दुसरी घ्या. दणकट हाय, काय बी खाईल, आन् काय झालं तर मी हाय."

मी दुसरीत बसायला गेले. पाय वर पोचेना. गुडघे माझे तेव्हाच गेले होते. दत्तानं खालून ढकललं, एका टायवाल्यानं वरून हात धरला, आणि मी पोतं चढवावं तशी आत पडले. जमलेल्या बायका पदराआड हसल्या. काळीला बाजूनं फळी होती, मी आपली आपण चढले आणि बसले. गार वारा आला. ठरलं तिथंच.

"चढायला पायरी मी करून देतो की," मिस्त्री म्हणाला. "तेवढ्यासाठी गाडी नका बदलू."

"पायरी लावायची म्हंजी म्हातारी झाले म्हणून पाटी लावायची. नको."

मंगल दारात उभी होती. ती दौंडची, बाप रेल्वेत गँगमन होता. मला ती आत्या म्हणते. "आत्या, मिस्त्रीमामा म्हणत्यात ते ऐका. पावसात रस्ता कसा असतो?"

"तुझ्या बापानं सायकल तरी नवी घेतली होती का? तू गाडीतलं नको सांगू."

ती आत गेली. मिस्त्री गोणपाट गुंडाळत होता. त्यानं वर बघितलं नाही. मला तेव्हा वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. नंतर वाटलं.

काळी आली. जुनी जीप दत्तानं मिस्त्रीला देऊन टाकली, तोडून भंगारात घाल म्हणून. मिस्त्रीनं ती घेतली आणि शेडमागं लिंबाखाली लावली. तोडली नाही. मी कधी विचारलं की म्हणायचा, "सवड न्हाई, आक्का."

आता जे सांगते ते मी दत्तालाही सांगितलेलं नाही.

आमच्याकडे डिझेलचा ड्रम असायचा. ट्रॅक्टरला, विहिरीवरच्या इंजिनाला त्यातलंच. नळी घालायची, तोंडानं ओढायची आणि कॅनमध्ये सोडायची. तळाला गंज, पाणी, कधी पाल. ट्रॅक्टरनं कधी तक्रार केली नाही. मिस्त्रीनं गाडी आली त्याच दिवशी बजावलं होतं, "काळीला ड्रममधला एक थेंब नको." दत्ता बिचारा पंपावरच भरायचा. पण भाऊबीजेच्या आधी टाकी रिकामी होती आणि तो पिकाला पाणी द्यायला गेला होता. मी आमच्या गड्याला सांगितलं, कॅनभर ओत. काही झालं नाही. गाडी दौंडला जाऊन आली. मग मी दुसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदा तर विचारही केला नाही. इतकी महाग गाडी आणि तिला ट्रॅक्टरचं चालत नाही, हे माझ्या डोक्यात बसतच नव्हतं.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी मंगलला घोणस चावली.

दत्तानं चारीवरून मिस्त्रीला फोन लावला. मोबाईलला रेंजची एकच दांडी होती, एवढंच ऐकू गेलं की सूनबाईला साप चावला आणि गाडी बंद. तो जीप घेऊन निघाला. तोडायला सवड नव्हती ती जीप. चालू स्थितीत, टाकीत डिझेल भरलेली.

दोघांनी मंगलला जीपमध्ये मागं झोपवलं. मी मागून चढायला गेले आणि पाय आपोआप उचलला गेला, नेहमीसारखा, दुखायच्या तयारीत. पण पाय लगेच टेकला. जीपच्या मागं पायरी होती. गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्याची, जाड, जोडलेली, वर टायरचा तुकडा बसवलेला, पाय घसरू नये म्हणून.

"ही कवा केलीस?" मी विचारलं. त्या वेळी विचारायची गोष्ट नव्हती, पण तोंडातून गेलं.

"तवाच. बसा, आक्का."

दत्ता पुढं बसला. जीप वळवायला जागा नव्हती. एका बाजूला चारी, एका बाजूला ऊस. मिस्त्रीनं दारातून अर्धं अंग बाहेर काढलं, मान मागं वळवली आणि जवळजवळ अर्धा किलोमीटर जीप उलटी चालवली. चिखल त्याच्या तोंडावर उडत होता. चाकं घसरायची, पुन्हा धरायची. मंगल म्हणाली, "आत्या, मला दिसंना." मी तिला म्हणाले, डोळे मिटून घे, बघण्यासारखं काही नाही. दुसरं काय सांगणार?

मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्यानं जी दामटली ती शिरूरच्या दवाखान्यापर्यंत. इंजिन अधूनमधून जास्तच गुरगुरायचं, तेव्हा तो एका हातानं पत्र्यावर थोपटायचा, बैलाला थोपटतात तसा. वाटेत मंगलला दोनदा उलटी झाली. तो मागं न बघता विचारायचा, "बोलतीया का?" मी म्हणायची, "बोलती." एकदा बोलत नव्हती तेव्हाही मी बोलती म्हणाले. गाडी चालवणाऱ्याला खरं सांगून काय करायचं?

डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली. बाटलीवर बाटली. अजून उशीर झाला असता तर किडनी गेली असती म्हणाले. आठवडा तिथंच काढला. मिस्त्री पहिले दोन दिवस बाहेर जीपमध्येच झोपला. घरी जा म्हटलं तर म्हणायचा, "हिचा भरवसा न्हाई, एकदा बंद केली तर परत चालू व्हईल का कोण जाणे." जीपला काही झालं नव्हतं.

काळी गाडी ट्रॅक्टरनं ओढून त्याच्या शेडमध्ये आणली. दत्ता, मी आणि तो. दत्ता तावातावानं बोलत होता, कंपनीवर केस करतो, एवढे पैसे घेतले आणि असली गाडी दिली. मिस्त्रीनं गोणपाट अंथरलं, खाली गेला, फिल्टर काढून आणला आणि एका पांढऱ्या वाटीत उलटा केला. खाली पाणी, वर डिझेल, मध्ये तांबडी गंजाची साय. तसली साय मी आमच्या ड्रममध्ये पंचवीस वर्षं बघत आले होते.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी न पाहिल्यासारखं केलं.

"काय निघालं?" दत्तानं विचारलं.

"कचरा." मिस्त्रीनं वाटी शेडच्या मागं नेऊन ओतली. "येतो कधीकधी. पंपवाल्याचा बी न्हाई दोष, कंपनीचा बी न्हाई. धुऊन घेऊ. केस बिस नको करू, लेका."

त्यानं माझी लाज राखली आणि मी ती राखू दिली. त्यानंतर तो वारला तोपर्यंत आमच्यात ड्रमचा शब्द निघाला नाही. एकदाच, काळी विकून दत्तानं ती दणकट गाडी घेतली तेव्हा, मी स्वतःहून शेडवर गेले आणि म्हणाले, "मिस्त्री, हिला पायरी करून दे."

"म्हातारी झाल्याची पाटी व्हईल, आक्का."

"होऊ दे. झालेच आहे."

त्यानं जीपची पायरी काढून नव्या गाडीला लावली. नवी केली नाही. म्हणाला, हिला तुमचा पाय ठाऊक हाय.

पुढं रस्ता रुंद झाला आणि त्याची शेड गेली. आम्ही आत जागा देतो म्हणालो, पण गॅरेज रस्त्यावर लागतं, वस्तीवर कोण येणार? तो दौंडला मुलीकडे राहायला गेला. तिथं वर्षभरातच गेला. झोपेत. निरोप आला तेव्हा मंगलच गाडी घेऊन निघाली, दत्ताच्याही आधी येऊन स्टेअरिंगवर बसली. ती आता गाडी चालवते. कुठलीही गाडी घेण्याआधी खाली वाकून बघते.

त्याच्या घरापुढं चपलांचा ढीग पडला होता. मी उतरताना पायरीवर पाय ठेवला आणि थोडा वेळ तिथंच उभी राहिले. मागून लोक म्हणाले, म्हातारीला उतरता येईना. येत होतं.

मंगलला साप चावला त्या दुपारी जीपमध्ये चौघं होतो. त्यातले मंगल, दत्ता आणि मी अजून आहोत.